खाऱ्या वाऱ्यातली ऐरण

बाय, तुझ्या बाबाचा फोन येऊन गेला. पोरगी वाडीत भट्टी घालायची म्हणते, तिला चार गोष्टी समजाव, असं त्याचं म्हणणं. भट्टी घालू नकोस असं मी सांगणार नाही. वसईच्या वटारमध्ये भट्टी घालायची तर काय काय सांभाळावं लागतं, तेवढं सांगतो. मोबाइलवर तू जे व्हिडिओ बघतेस ते बहुतेक कोरड्या, थंड मुलखातले. तिथली ऐरण अंगणात पडून राहिली तरी फारसं बिघडत नसेल. आपल्याकडे राजोडीचा किनारा हाकेवर आहे आणि दुपारनंतरचा वारा मीठ घेऊनच येतो. त्यामुळे आपल्या लोहारकामातला अर्धा जीव विस्तवात, तर अर्धा गंज धरू न देण्यात जातो.

आधी तलवारीचं बोलू, कारण तुझ्या डोक्यात तीच असणार. सगळ्यांच्याच असते. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या यादीत तलवार, खंजीर, भाला ही नावं आहेत. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरेही त्यात येतात. घरकाम, शेती आणि कारखान्यातली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे कोयता, विळा, खुरपं, भाजीची सुरी खुशाल कर. भिंतीवर टांगायला तलवार केलीस तर परवान्याचं लचांड मागे लागेल. आणि खरं सांगायचं तर नवशिक्याची तलवार म्हणजे वाकडी पट्टी. त्यापेक्षा केळीचा लोंगर टांगायचा आकडा नीट जमला तर वाडीत तुझी किंमत वाढेल.

आता लोखंड कुठलं घ्यायचं ते बघू. बांधकामावरची सळई सगळीकडे पडलेली दिसते. आकडे, खुंट्या, कोयंडे यांना ती चालते. पण टीएमटी सळईचा कडकपणा तिच्या सालीत असतो. कारखान्यात गरम सळईवर पाणी मारून ती साल कडक केलेली असते. एकदा भट्टीत लाल केलीस की तो कडकपणा गेला, खाली उरतं साधं मऊ लोखंड. त्याला कितीही पाणी दे, धार टिकणार नाही. शिवाय सळईवरचे उंचवटे ठोकताना दुमडून आत जातात आणि तिथेच पुढे चीर पडते. ते आधी कानशीने काढ, नाहीतर सरळ गुळगुळीत गोल बार घे.

धारेच्या कामाला जुन्या ट्रकच्या, जीपच्या स्प्रिंगचा पाटा बरा. त्यात कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा त्याहून जरा जास्त असतो आणि कोयत्याला तेवढा पुरतो. फक्त पाटा तुटलेला घेऊ नकोस. वर्षानुवर्षं वाकून-वाकून त्याच्या पोटात बारीक चिरा पडलेल्या असतात, डोळ्याला दिसत नाहीत आणि पाणी देताना फट्कन उघडतात. बेअरिंगच्या ईएन-३१ पोलादात कार्बन एक टक्क्याच्या आसपास आणि वर क्रोमियम. धार झकास लागते, पण नवख्या हाताला तो माल जुमानत नाही. माझा सल्ला विचारशील तर भंगाराच्या मागे फार धावू नकोस. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात मशीनशॉपची रांग लागलीय. तिथे ईएन-८, ईएन-९ चे कापून उरलेले तुकडे वजनावर मिळतात. कुठलं पोलाद हातात आहे हे ठाऊक असलं की चुकल्यावर कारण तरी सापडतं. मिळालेल्या तुकड्यावर लगेच रंगाने खूण कर. महिन्याभराने सगळे तुकडे एकाच रंगाचे तांबूस होतात.

तरी कुठला माल आहे कळेनासा झाला तर ग्राइंडरला लावून ठिणग्या बघ. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, पिवळसर, सरळ रेघा ओढत जातात. कार्बन जास्त असेल तर त्या आखूड होतात आणि फुलबाजीसारख्या टोकाला फुटतात. खात्री करायची तर टोक लाल करून पाण्यात विझव, व्हाइसमध्ये धर, वर जाड फडकं टाक आणि हातोडा मार. वाकलं तर खिळे कर, तुटलं तर सुरी कर. डोळ्यांवर चष्मा हवाच, हे वेगळं सांगत नाही.

गॅल्व्हनाइझ पाइप, पत्रा, जस्त चढवलेले नटबोल्ट हे मात्र भट्टीच्या आसपासही आणू नकोस. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि आपली भट्टी त्याच्या कितीतरी पुढे जाते. त्या पांढऱ्या धुराने रात्री हुडहुडी भरून ताप येतो. दूध प्यायलं की उतरतो असं कारखान्यात सांगायचे, त्यावर विसंबून राहू नकोस.

ऐरणीची निवड मात्र घाईने करू नकोस. बाजारात नवी म्हणून जी स्वस्त ऐरण दाखवतात ती पुष्कळदा बिडाची असते. बीड ठिसूळ, घाव पडला की कडा उडते. ओळखायची युक्ती सोपी आहे. बेअरिंगची एक गोळी घेऊन जा आणि ऐरणीच्या तोंडावर दहा इंचांवरून सोड. चांगल्या पोलादी ऐरणीवरून ती सात-आठ इंच परत उसळते, बिडावर दोन-तीन इंच उडून बसते. जी ऐरण गोळीला परत फेकते ती तुझ्या हातोड्यालाही परत फेकते, दिवसअखेर खांदा भरून येत नाही. गोळी जागोजागी सोडून बघ. एके ठिकाणी मेल्यासारखी बसली तर खालचा भाग सुटलेला समज. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हत्यारांची दुकानं आहेत, रे रोडच्या दारूखान्यात जहाजं तोडलेलं लोखंड येतं. दोन्हीकडे जा, पण खिशात गोळी असू दे. दुकानदार हसेल, हसू दे.

ऐरणीवर एवढे पैसे घालायचे नसतील तर रुळाचा तुकडा उत्तम. आता सावध ऐक. रूळ कुठूनही उचलून आणायचा नाही, कोणी आणून दिला तरी घ्यायचा नाही. १९६६ चा रेल्वे मालमत्तेचा कायदा असा आहे की चोरीचा संशय असलेला माल ज्याच्याकडे सापडेल त्यानेच तो कायदेशीर असल्याचं दाखवायचं. म्हणून लिलावाचा माल घेणाऱ्या भंगारवाल्याकडून पावती घेऊन विकत घे आणि पावती जपून ठेव. रूळ मीटरला ५२ किंवा ६० किलोचा असतो. दोन फुटी तुकडा बत्तीस ते छत्तीस किलो भरतो. तो आडवा मांडू नकोस. उभा कर. आडव्या रुळाखाली नुसती बारीक कंबर असते आणि घाव लवचिक पडतो. उभ्या रुळात सगळं वजन घावाच्या थेट खाली येतं. तोंड तळहाताएवढंही भरत नाही म्हणून नाराज होशील. पण आपल्या गावोगावच्या लोहारसाळेतली ऐरण बघ, मातीत रोवलेला लहानसा चौकोनी ठोकळाच तो. त्यावर पिढ्यान्‌पिढ्या फाळ, कुदळी, पहारी झाल्या. लाल लोखंडाला हातोड्याच्या तोंडाएवढीच जागा लागते.

उंचीचं माप असं: सरळ उभी राहा, हात सोड, मूठ मिट. बोटांच्या सांध्यांना ऐरणीचं तोंड लागलं पाहिजे. जुने लोहार उकिडवे बसून काम करत, त्यांचे गुडघे तसे घडलेले होते. तू उभ्यानेच कर. खाली चिंचेचा ओंडका घे. खाटीक चिंचेचाच ठोकळा वापरतो ते उगाच नाही. घाव सोसतो आणि सहज फाटत नाही. रेषा उभ्या राहतील असा ठेव. बुडाला डांबर फास आणि खाली दोन फरश्या दे, नाहीतर आपल्या ओल्या मातीत पहिल्याच पावसाळ्यात वाळवी लागेल. ऐरण फार खणखणत असेल तर कमरेला साखळी गुंडाळ, आवाज निम्म्याने उतरतो. दुपारी दोन ते चार ठोकायचं नाही. शेजारच्या वाडीतली माणसं पहाटे उठून फुलं खुडतात, त्यांची झोप मोडलीस तर भट्टी आठवड्यातच बंद करावी लागेल.

आता ऐरणीची निगा. थंड लोखंड तिच्यावर ठोकायचं नाही. छिन्नीने तोडताना शेवटचा घाव तोंडावर येऊ द्यायचा नाही. खाली मऊ लोखंडाची पट्टी ठेव, नाहीतर छिन्नीची धारही जाते आणि ऐरणीवर जखमही राहते. ऐरणीवर रिकामा हातोडा आपटायची सवय लावून घेऊ नकोस. जुनी माणसं त्याला अपशकुन म्हणत. शकुनाचं मला ठाऊक नाही, पण कडक हातोडा कडक तोंडावर तिरपा बसला तर कपची उडते आणि ती गोळीच्या वेगाने जाते. कडा पहिल्याच दिवशी कानशीने जराशा गोल करून घे. धारेची कड लोखंडात खोल वळ उठवते आणि स्वतःही फुटते. मात्र एक कोपरा चांगला टोकदार ठेव, काटकोन वाकवायला लागतो.

गंज आला म्हणून ग्राइंडर घेऊन ऐरणीवर तुटून पडू नकोस. विकतच्या ऐरणीचं कडक तोंड म्हणजे वरचा थर तेवढा, तो घासून घासून संपतो. तारेचा ब्रश आणि तेल एवढं पुरे. काम संपलं की खपल्या झाड, घामाचे हात लागलेली जागा पूस आणि मशीन ऑइलचं फडकं फिरव. खोबरेल तेल घरात असतं म्हणून लावशील. आठवड्यापुरतं ठीक, पावसाळ्याला नाही. जून लागायच्या आधी ग्रीसचा पातळ थर दे आणि वर तेलात भिजवलेलं सुती कापड टाक. प्लास्टिक अजिबात गुंडाळू नकोस. आतल्या आत घाम धरतो आणि गणपतीत सोडशील तेव्हा तोंडाला खड्डे पडलेले दिसतील. सांडस, छिन्न्या, हातोडे जमिनीवर ठेवायचे नाहीत, भिंतीला खुंट्यांवर टांग. खुंट्या तुझ्याच हातच्या असू देत.

भट्टीला फार खर्च नाही. नागपूरजवळ नायकुंडला उत्खननात लोखंड गाळायची महापाषाण काळातली भट्टी सापडली, तिच्यातही माती आणि वारा आत न्यायच्या मातीच्या नळ्याच. तुझ्याकडे भात्याऐवजी छोटा ब्लोअर असेल, एवढाच फरक. लोखंडी घमेलं, आत चिकणमाती आणि राखेचं लिंपण, बाजूने नळी. कोळसा बाभळीचा उत्तम, करवंटीचाही चांगला आणि करवंट्या आपल्याकडे फुकट. ब्लोअरचा वारा एकदम सोडलास तर हलका कोळसा ठिणग्या फेकतो. आपल्या वाडीत धोका तिथेच आहे. माडाच्या सुक्या झावळ्या, केळीची वाळलेली पानं, पेंढा, सगळं पेटायला टपलेलं. भट्टीभोवती दहा पावलं जमीन झाडून ओली कर, दोन बादल्या भरून ठेव आणि वारा सुटायच्या आत, सकाळीच काम उरक. बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, जवळ आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस, आणि राख तर त्यात मुळीच टाकू नकोस. उरलीत किती बावखलं! बंद खोलीत भट्टी पेटवायची नाही. कोळशाच्या वायूला वास नसतो, माणूस बसल्या जागी आडवा होतो.

पण छप्पर हवं, आणि छपराखाली अंधार हवा. लोहारसाळ काळोखी असते ती गरिबीमुळे असं लोक समजतात. उन्हात लाल लोखंड काळंच दिसतं, म्हणून ती सावली. सगळं काम रंगावर चालतं. मऊ लोखंड पिवळ्या-केशरीपर्यंत नेलंस तरी चालेल, पोलाद केशरीच्या पुढे नेऊ नकोस. भट्टीतूनच पांढऱ्या ठिणग्या तडतडायला लागल्या तर ते पोलाद जळलं, कापून टाक. आणि लाली मंदावली की हात थांबव. थंडावलेलं लोखंड रेटून ठोकण्यातच चिरा पडतात. सोनाराचे शंभर आणि लोहाराचा एक, ही म्हण झकास आहे, पण ती रचणारा लोहार नसावा. लोहारही शंभरच मारतो, फक्त तापल्यावर मारतो.

पहिलं काम आकड्याचं कर. दहा मिलिमीटरचा दोन फुटी गोल बार घे. एवढा लांब असला की दुसरं टोक हातात धरता येतं, सांडशीची गरजच नाही. टोकाचे तीन इंच केशरी कर. टोक ऐरणीच्या पलीकडच्या कडेला टेकव, हातातलं टोक थोडं वर उचल आणि हातोडाही त्याच उतारावर येऊ दे. एक घाव, पाव वळसा, एक घाव, पुन्हा मागे पाव वळसा. असं करत आधी टोक चौकोनी निमुळतं कर. मध्येच चौकोन तिरका व्हायला लागेल. तिथेच थांबून कोपऱ्यांवर हलके घाव घालून तो सरळ कर, पुढे ढकलू नकोस. हवी तेवढी लांबी मिळाली की चारांचे आठ पैलू कर आणि मग गोल. घाई करून पहिल्यापासून गोलच ठोकत गेलीस तर बाहेरून सुरेख दिसतं, पण आत गाभा फाटलेला असतो आणि लोंगराचं वजन पडलं की टोक सुटतं. टोकाला बारीक कान वळव, म्हणजे हाताला बोचत नाही. मोठा बाक पाइपच्या तुकड्यावर वाकव. असे आकडे डझनभर कर. शेवटचे दोन सारखे आले की हात बसायला लागला म्हणायचं.

हातोडा किलोच्या आतला घे. तोंडाच्या कडा ग्राइंडरने गोल करून घे, नाहीतर प्रत्येक घावाला चंद्रकोर उमटते. दांडा धावड्याचा मिळाला तर बघ. मूठ सैल धर, अंगठा दांड्यावर लांब ठेवू नकोस, कोपर अंगाजवळ. सांडस तुकड्याला घट्ट बसत नसेल तर तापवून, त्याच तुकड्यावर दाबून तिचं तोंड जुळवून घे. निसटलेली लाल पट्टी कुठे जाते याचा नेम नसतो. कपडे सुती. ओढणीचा नायलॉनचा काठसुद्धा नको.

पाणी देण्याची वेळ येईल तेव्हा एक लोहचुंबक सळईला बांधून जवळ ठेव. साधारण ७७० अंशांना लोखंड चुंबकाला धरेनासं होतं. त्याच्या किंचित वरचा रंग ध्यानात ठेव, तोच पाणी द्यायचा रंग. पण कुठलं पाणी? आपल्या विहिरी मचूळ होत चालल्यात. खारं पाणी लोखंडाला साध्या पाण्यापेक्षा जोरात थंड करतं, कारण तापलेल्या अंगाभोवती वाफेचं जे कवच धरतं ते मिठाने मोडतं. पाट्याच्या पोलादाला तो झटका झेपत नाही, तडकतं. त्याला तेल दे, हाताला चांगलं गरम लागेल इतकं तापवून. थंड घट्ट तेलापेक्षा ते बरं धरतं. तेलाचं भांडं लोखंडी, उभट आणि झाकणवालं असू दे, वर ज्वाळा उठते. मऊ आकडा मचूळ पाण्यात विझवलास तर नंतर गोड्या पाण्याने धुऊन कोरडा कर, नाहीतर संध्याकाळपर्यंत तांबडा पडेल.

पाणी दिलेलं पातं काचेसारखं कडक आणि तेवढंच ठिसूळ. त्याचं पाणी थोडं उतरवावं लागतं. पॉलिशपेपरने लख्ख घास आणि मंद तापव. अंगावर रंग धावायला लागतील. आधी फिका गवती, साधारण २२० अंशांना. मग तपकिरी, जांभळा आणि ३०० च्या आसपास निळा. भाजीच्या सुरीला गवती ठेव. झावळ्या तोडायच्या कोयत्याला जांभळा ते निळा, कारण त्याला धारेइतकाच चिवटपणा लागतो. सुरीसाठी आईचा ओव्हन २०० वर तासभर ठेवलास तरी काम होतं. तिची परवानगी तू काढ, माझं नाव सांगू नकोस. आणि हेच रंग ग्राइंडरवर धार लावताना दिसले तर समज की कमावलेलं पाणी गेलं. वाडीतले निम्मे कोयते असेच ग्राइंडरवर मेलेत. दोन फिरक्या, पाण्यात बुडव, पुन्हा दोन फिरक्या.

हे सगळं मी सांगून येणार नाही, हात बघावा लागतो. रस्त्याकडेला पाल टाकलेलं घिसाडी कुटुंब दिसलं तर थांब. तिथे नवरा सांडस धरतो आणि बायको घण घालते. पोरीचं काम नाही म्हणणाऱ्या तुझ्या बाबाला बरोबर ने. एक खुरपं समोर करून घे, दाम पूर्ण दे, घासाघीस करू नकोस आणि विचारल्याशिवाय व्हिडिओ काढू नकोस. पुढच्या खेपेला त्यांनाच मेहनताना देऊन दुपारभर शिकवा म्हण. गावचा लोहार बारा बलुतेदारांतला, घिसाडी फिरता. आता ना बलुतं उरलं ना गिऱ्हाईक. सप्टेंबर २०२३ मध्ये निघालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत लोहार आहे. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० आणि पुढे पाच टक्क्यांनी कर्ज मिळतं. ती हातावर पोट असलेल्या कारागिरांसाठी आहे, तुझ्यासारख्या हौशीसाठी नाही. तू अर्ज करू नकोस, पण त्यांना ठाऊक नसेल तर फॉर्म भरायला मदत कर.

रविवारी सकाळी सात वाजता येतो. येताना माझा जुना व्हाइस आणीन, तो बाकाला बोल्टने आवळायला बारा मिलिमीटरचे चार बोल्ट आणून ठेव. साधे काळे, जस्ताचे नकोत. आज ना उद्या त्यातला एखादा तू भट्टीत टाकशीलच.